थंड जागी ठेवावे

दवाखान्याच्या मागच्या अंगाला औषधं बनवायची खोली होती आणि तिला एकच खिडकी होती. त्या खिडकीतून भरलेल्या बाटल्या बाहेर जात आणि रिकाम्या आत येत. बाटल्या तपकिरी काचेच्या, जाड बुडाच्या. औषध संपलं की घरच्यांनी त्या विसळून परत आणायच्या, मग इथे उकळून पुन्हा भरायच्या, असा शिरस्ता. कुणी घासूनपुसून लख्ख आणत, कुणी चिकट तशीच आणत आणि वर ‘विसळली हो’ असंही सांगत. पण त्या सोमवारी शिंप्यानं फळीवर ठेवलेली बाटली रिकामी नव्हती. तळाशी दोन बोटं औषध होतं, आणि ठेवल्यावरही त्यानं बाटलीवरचा हात काढला नव्हता.

“राहिलंय थोडं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल का?”

खिडकीच्या आतली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची होती. शास्त्राची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी इथे लागली म्हणून सगळा दवाखाना तिला पदवीबाई म्हणे. आधी चिडवायला, मग सवयीनं. उघडलेली बाटली दुसऱ्याला देता येत नाही, असं तिनं नेहमीच्या सुरात सांगून टाकलं. सांगता सांगता तिची नजर चिठ्ठीवरच्या तारखेवर गेली. ही बाटली पाच दिवसांपूर्वीच संपायला हवी होती. सकाळी पाच मिली, संध्याकाळी पाच मिली, तीस दिवस. शिंप्यानं आजवर एक दिवस पुढेमागे केला नव्हता.

बाटली त्याच्या मुलीची होती. सहा वर्षांची. चिठ्ठीवर तिचं शाळेतलं नाव होतं, पण शिंपी तिला गुंडी म्हणे, आणि खिडकीशी आला की तिच्याबद्दल काही ना काही सांगितल्याशिवाय जात नसे. गुंडीला आकडी यायची. गोळी तिच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून तिच्यासाठी पातळ औषध.

“मागल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी गेली,” शिंपी म्हणाला. मग बाटलीवरचा हात काढून त्यानं तो दुसऱ्या हातात धरला. “एक विचारायचं होतं. आदल्या संध्याकाळी डोस चाळीस मिनिटं उशिरा झाला. एका गिऱ्हाइकाचा कोट अडला होता. सातच्या ऐवजी सात चाळीस. त्यानं होतं का असं?”

नाही, असं तिनं सांगितलं. हे औषध रक्तात कित्येक दिवस राहतं, चाळीस मिनिटांनी त्याला काही फरक पडत नाही, हे तिनं तिला येत होतं तेवढं सोपं करून सांगितलं. शिंपी मान हलवत राहिला. डॉक्टरही हेच म्हणाले होते म्हणाला. सिस्टरही. चांगली माणसं असंच म्हणतात.

“पण काहीतरी झालंच असेल ना,” तो म्हणाला. “शिवण उगाच उसवत नाही.”

जाता जाता त्यानं एवढंच सांगितलं की त्या दिवसापासून बायकोनं त्याच्याशी शब्द काढलेला नाही. भांडण नाही, त्रागा नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

बाटल्या विसळायच्या मोरीशी उभं राहून तिनं झाकण काढलं. खरं तर औषध सरळ ओतून टाकायचं आणि बाटली उकळायला टाकायची, एवढंच काम. पण बाटली कलती केल्यावर आतलं औषध एका दमात आलं नाही. तळाशी काहीतरी होतं, ते मागे राहिलं आणि मग हळूच सरकलं. तपकिरी काचेतून काही दिसेना. तिनं मोरीवरचा हात मागे घेतला, पांढऱ्या काचेचं भांडं आणलं आणि औषध त्यात ओतलं.

भांड्याच्या बुडाशी पांढरा गाळ बसला. पूड नव्हे. बारीक सुया, एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या, जणू कुणी पांढऱ्या दोऱ्याचे कातरलेले तुकडे झटकून टाकलेत.

त्या सुया कसल्या हे तिला विचारावं लागलं नाही. हे औषध तिनंच बनवलं होतं, आणि कसं बनवलं होतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

या खोलीचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं: काय कशात विरघळतं. तिला ते शिकवलं थेंबकाकांनी. चाळीस वर्षं त्याच टेबलाशी उभं राहून थेंबकाका साठीला आले होते. शेवटचं पाणी ते थेंबाथेंबानं घालत, वीस-वीस मिनिटं. नाव त्यावरून पडलेलं. घाई करणाऱ्याला ते म्हणत, “पाण्याला वाटतं आपलं सगळ्यांशी जमतं. सगळ्यांचं पाण्याशी जमत नाही.” आकडीची पूड त्यातलीच. नुसत्या पाण्यात ती विरघळल्यासारखं करते आणि खाली बसते. म्हणून ती आधी अल्कोहोलमध्ये घालायची, मग ग्लिसरीन, मग साखरेचा पाक, आणि सगळ्यात शेवटी, ती बेसावध असताना, पाणी. “रुसलेलं माणूस समजूत घातली तर येतं,” थेंबकाका म्हणत. “रुसलेली पूड येत नाही. ती रुसूच नये असं वागायचं.”

तीनशे मिलीच्या बाटलीत पंचेचाळीस मिली अल्कोहोल. ते जिभेला लागे. मोठी माणसं तोंड वाकडं करून गिळत. गुंडीच्या तोंडात फोड आले होते, तिला ते विस्तवासारखं लागे.

दीड महिन्यापूर्वी शिंप्याची बायको पहिल्यांदाच खिडकीशी आली. एरवी शिंपीच यायचा. ती आधी बोलेचना. मागचा माणूस पुढे जाऊ दिला, त्याच्या मागचाही जाऊ दिला, आणि खिडकी मोकळी झाल्यावर म्हणाली, “थोडं गोड करता येईल का हो? दोघांनी धरावं लागतं तिला. एकानं हात, एकानं जबडा. औषध देतोय की छळतोय तेच कळेनासं झालंय.”

थेंबकाका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होते. पदवीबाईनं त्या संध्याकाळी कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला. ग्लिसरीनही थोडी पूड धरून ठेवतं, पाकही थोडी धरतो. अल्कोहोल पंचेचाळीसवरून अठरावर आणलं आणि ती तूट या दोघांत वाटून दिली, तर जमायला हवं होतं. तिनं करून पाहिलं. जमलं. औषध पाण्यासारखं नितळ निघालं. तिला झालेला आनंद खोटा नव्हता; इतक्या दिवसांत पहिल्यांदाच इथे तिचं डोकं कामी आलं होतं. तरी तिनं घाई केली नाही. नमुना तीन दिवस फळीवर ठेवला, रोज उजेडात धरून पाहिला, आणि मगच बाटली दिली. नोंदवहीत बदल लाल शाईनं लिहिला, खाली सही केली. शेजारी मोठ्यांच्या सहीची चौकट होती. ती रिकामी राहिली. औषधाची मात्रा तीच होती, बदललं होतं ते फक्त पूड विरघळवणारं. त्यासाठी ऑपरेशन झालेल्या माणसाला घरून बोलवावं असं तिला वाटलं नाही.

आणि शेवटी तिनं बाटलीवर चिठ्ठी डकवली. छापील, सगळ्या बाटल्यांना एकच. तीन ओळी. लहान मुलांच्या हाती देऊ नये. झाकण घट्ट लावावे. थंड जागी ठेवावे.

आता तिनं नमुन्यांची फळी गाठली. बाटली भरताना त्याच औषधातलं थोडं एका कुपीत काढून तीन महिने जपायचं, हा खोलीचा नियम होता. गुंडीच्या औषधाची कुपी दुसऱ्या रांगेत होती. तिनं ती खिडकीशी नेली. उलटी केली, सुलटी केली. कुपी नितळ होती. एक सुई नाही, एक कण नाही.

थेंबकाका जेवून आले तेव्हा भांडं आणि कुपी टेबलावर शेजारी शेजारी होती. काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आधी एक पाहिलं, मग दुसरं. मग नोंदवही ओढून घेतली, लाल ओळ वाचली, रिकामी चौकट पाहिली. ती सांगत गेली, ते ऐकत गेले. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, तेच तिला जड गेलं.

“नमुना स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मग झालं तर. कुणी विचारलंच तर नमुना दाखवायचा. आपल्या दारातून चांगलं औषध गेलं. पुढे त्यांच्या घरी काय झालं ते आपल्याला काय माहीत? झाकण उघडं राहिलं असेल. उष्टा चमचा गेला असेल.”

“तो शिंपी आहे, काका. त्याचं झाकण उघडं राहणार नाही.”

थेंबकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. नियम नमुना ठेवायला सांगतो, म्हणाले, तो ठेवून झाला. त्याच्याशी आणखी काही करायला नियम सांगत नाही. आणि मग, बाहेरच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात: “पोरी, इथंच थांब.”

ती थांबली नाही. मन मोठं होतं म्हणून नव्हे. प्रश्न अर्धवट सोडायची तिला सवयच नव्हती, एवढंच. घरी आई म्हणे, हिला लहानपणापासून कुलूप ओढून पाहिल्याशिवाय झोप येत नाही. कोपऱ्यात डोळ्यांच्या थेंबांसाठी लहान फ्रिज होता. तिनं नमुन्यातलं निम्मं औषध एका स्वच्छ कुपीत घेतलं. जुन्या पद्धतीनं, पंचेचाळीस मिलीच्या मापानं बनवलेलं औषध दुसऱ्या कुपीत घेतलं. दोन्हींवर खूण केली आणि दोन्ही मागच्या कप्प्यात ठेवल्या.

मग भांड्यातला गाळ गाळून घेतला, वाळवला आणि वजन केलं. बाटलीत तिनं एकूण बाराशे मिलिग्रॅम पूड घातली होती. तळाशी पाचशे तीस निघाली. तिनं पुन्हा वजन केलं. पाचशे तीसच. चोवीस दिवस तो माणूस वेळ पाहून, माप पाहून, वरचं औषध तेवढं मुलीला देत होता, आणि निम्मं औषध बाटलीच्या तळाशी निवांत पडून होतं. गाळ बसणारी औषधं असतात त्यांच्या चिठ्ठीवर ‘हलवून घ्यावे’ असं असे. हे विरघळलेलं औषध. याच्या चिठ्ठीवर ते कशाला असेल?

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. जुन्या औषधाची कुपी नितळ होती. तिच्या औषधाच्या कुपीत तळापासून वर पांढऱ्या सुया वाढल्या होत्या. सुंदर होत्या, आणि त्या सुंदर आहेत हे आपल्याला दिसावं याची तिला लाज वाटली.

थेंबकाका आले. डबा ठेवला, कुपी पाहिली, आणि न बोलता बाटल्या धुवायचं गरम पाणी वाटीत घेऊन त्यात कुपी उभी केली. दोघं बघत राहिले. सुया आधी बारीक झाल्या, मग धूसर, मग राहिल्याच नाहीत.

“बघ,” ते म्हणाले. “गेल्या. आता ही कुपी आणि ती कुपी सारखीच. तू सांगितल्याशिवाय जगात कुणाला कळणार नाही.”

थेंबकाकांनी स्टूल ओढलं आणि बसले. ते या खोलीत बसलेले तिनं पहिल्यांदाच पाहिले.

“माझ्या तीन बाटल्या आहेत,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत तीन. तिन्ही वेळा घरचं कुणीतरी येऊन विचारून गेलं. तिन्ही वेळा नमुना स्वच्छ होता.”

“मग?”

“मग काय? तिथंच थांबलो. फ्रिज तेव्हाही होता.”

नळ ठिबकत होता. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, एखाद्या वस्तूसाठी पुढे करावेत आणि ती वस्तू कुणी देऊ नये तसे.

तिनं नोंदवही उघडली. लाल ओळीखाली तारीख घालून सगळं लिहिलं: सुया, वजन, दोन कुप्या, फ्रिज. तसंच पत्र मोठ्या डॉक्टरांच्या नावे लिहिलं. बदल एकाच बाटलीत झाला होता, दुसऱ्या कुणाकडे ते औषध गेलं नव्हतं, हेही लिहिलं. छापील चिठ्ठी बदलायला हवी, हे लिहिलं. लिहून झाल्यावर थेंबकाकांनी वही स्वतःकडे वळवली आणि त्या जुन्या रिकाम्या चौकटीत आजच्या तारखेनं सही केली. असं करू नका, म्हणून ती हात पुढे करत होती. त्यांनी तो बाजूला केला. नोकरी तुझी जायची तर जाईल, म्हणाले, माझी चार महिन्यांनी तशीही जायचीच आहे.

पण वहीत लिहिणं सोपं होतं. वहीत शिंपी नव्हता.

त्याचं दुकान दवाखान्यापासून तिसऱ्या गल्लीत. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मध्ये पडदा. ती गेली तेव्हा दुपार होती आणि तो मशीनवर होता. तिला पाहून त्यानं पाय थांबवला, सुई खाली घेतली, कापड तसंच राहू दिलं. बाजूच्या खुंटीला एका बाहीचा कोट होता. त्यानं तिला बसायला गिऱ्हाइकांचं स्टूल दिलं आणि काय शिवायचंय असं विचारता विचारता थांबला.

तिनं आधी बाटलीबद्दल विचारलं. कुठे ठेवत होता? किती हलवत होता? शिंप्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी मापांची वही काढली. गिऱ्हाइकांची छाती, बाही, उंची यांच्या मागे, शेवटून सुरू केलेल्या पानांवर गुंडी होती. तिच्या फ्रॉकांची मापं, दर वर्षाची. आणि मग डोस. दिवसाला दोन खुणा, शेजारी वेळ. सात, सात. सात पाच. सात. मध्ये कुठे कुठे लहान गोल. ते गोल म्हणजे आकडी, त्यानं सांगितलं. अकराव्या दिवशी एक, पंधराव्या दिवशी एक, एकोणिसाव्या दिवशी मोठी. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात रक्त तपासू म्हटलं होतं. शेवटच्या खुणेजवळ ‘७.४०’ लिहिलं होतं आणि त्याभोवती पेन्सिल इतक्या वेळा फिरली होती की कागद फाटला होता.

ते पाहिल्यावर तिला आडवळणानं बोलता येईना. तिनं सांगितलं. औषध मी बदललं. जळजळ कमी व्हावी म्हणून. माझ्या खोलीत ते विरघळलेलं राहिलं, थंडीत नाही राहिलं, आणि थंडीत ठेवून पाहायचं मला सुचलं नाही. पूड तळाला बसली. गुंडीला रोज निम्माच डोस मिळत होता.

“निम्मा,” शिंपी म्हणाला.

“साधारण निम्मा.”

“रोज?”

“पहिल्या तीन-चार दिवसांनंतर रोज.”

त्यानं वहीतल्या खुणांवरून बोट फिरवलं, पहिल्या गोलापर्यंत आणलं आणि तिथे ठेवलं. “म्हणजे चाळीस मिनिटं नव्हती.”

“नाही. चाळीस मिनिटांचा काहीही संबंध नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत.”

हे वाक्य सांगायलाच ती आली होती. वाटेत तिनं ते दहादा म्हणून पाहिलं होतं. ते ऐकून माणसाचा चेहरा सैल होईल, निदान तो रडेल, ओरडेल, दुकानातून हाकलून देईल, असं काही ना काही तिनं धरलं होतं. शिंपी नुसता पडद्याकडे पाहत राहिला.

“थंडीत म्हणजे फ्रिजमध्ये,” तो हळू म्हणाला.

“हो. पण ते चिठ्ठीवरच—”

“ठाऊक आहे. गुंडीच्या आईनं मोठ्यानं वाचली होती चिठ्ठी. थंड जागी ठेवावे. दारातल्या खणात नको, दार सारखं उघडतं, म्हणाली. मागे अगदी भिंतीला लावून ठेवली. दुधाचं भांडं पुढे काढलं तिच्यासाठी.”

दोन दिवस पदवीबाईनं सुया पाहिल्या, वजन केलं, कुप्या लावल्या. बाटली फ्रिजमध्ये कुणी ठेवली, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता. ती घाईघाईनं बोलू लागली. चिठ्ठी आमची, औषध माझं, त्यांनी लिहिलं होतं तेच केलं, कुणीही हेच केलं असतं, त्यांना मी स्वतः समजावून सांगते.

“तुम्ही सांगताय ते मला कळतंय,” शिंपी म्हणाला. “पण तिला काय ऐकू जाईल? फ्रिज. तेवढा एक शब्द. त्यापुढचं काही ऐकू जायचं नाही. आणि फ्रिज घरात आहे, बाई. दिवसातून वीसदा उघडायचा असतो तो. जन्मभर.”

“पण त्या तुमच्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतंय तुमच्यामुळे—”

“वाटू दे.” त्यानं वही मिटली. “उशीर झाला होताच की. ते खोटं नाही. अकरा-बारा दिवसांत मला त्याची सवय होत आलीय. एकाच्याच अंगावर राहू दे. दोघांना कशाला?”

तिला काही बोलायचं होतं, की हे बरोबर नाही, हे खरं नाही. पण खरं काय ते त्याला आता तिच्याहून जास्त ठाऊक होतं. मी वहीत लिहिलंय, तिनं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांना पत्र दिलंय. चौकशी होईल.

“चांगलं केलंत. लिहा, सगळं लिहा. पुढच्या पोरांना तरी...” त्यानं खुंटीवरचा कोट उगाच सरळ केला. “फक्त पत्र घरी येऊ देऊ नका. काय असेल ते मला खिडकीशी बोलावून सांगा. आणि एक. तुम्हाला राग आलाय का, माफ करणार का, ते आज विचारू नका. मला नाही माहीत.”

पडदा हलला. शिंप्याची बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. बारीक झाली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो बसला होता ती बाजू खोलीत नसल्यासारखी वळून ती स्टुलाशी आली.

“तुम्हीच ना त्या खिडकीतल्या?” ती म्हणाली. “यायचं होतं मला तुमच्याकडे. मग राहूनच गेलं.”

पदवीबाई उभी राहिली.

“बसा हो. तुम्ही गोड करून दिलं होतंत ना औषध. त्या महिन्यात एकदाही धरावं लागलं नाही तिला. हाक मारली की स्वतः यायची, आ करून उभी राहायची. एकदा तर चमचा चाटून म्हणाली, अजून दे.” तिचे ओठ जरा हलले, हसू यायच्या बेतात असल्यासारखे. “तेवढा एक महिना बरा गेला तिचा. तेवढं तरी झालं तुमच्यामुळे.”

मशीनशेजारी शिंपी मान खाली घालून कात्रीची धार अंगठ्यानं चाचपत होता.

“कशासाठी आला होतात?” बायकोनं विचारलं. प्रश्न पदवीबाईला होता, पण उत्तर शिंप्यानं दिलं.

“बाटली पोचली म्हणून सांगायला,” तो म्हणाला.

बायकोनं मान हलवली, त्याच्याकडे न बघताच. पेला पुढे धरला. “उन्हातून आलात. घ्या.”

पदवीबाईनं पेला घेतला. काचेवर बाहेरून दव धरलं होतं. पाणी फ्रिजमधलं होतं, दात ठणकतील इतकं गार. दोघंही, एक समोरून आणि एक बाजूनं, ती पिते की नाही ते पाहत होती. तिनं पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत सगळं पाणी पिऊन टाकलं.